यमुनामावशीचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. मित्रांनो, यात माझा दोष नाही. कारखान्यात मला बनवणाऱ्यांनीच मला दहा वेळा तपासले, अकराव्यांदाही तपासले, आणि मगच खोक्यात घातले. ज्याचा जन्मच असा संशयात झाला, तो भोळा कसा निघेल?

आखातातून आलेल्या मायकलने १९९२ साली मला आपल्या चुलतभावाला, फर्डिनंडला विकले. फर्डिनंड वसईजवळच्या सांडोर गावचा. घरामागे केळीची बाग, आणि नोकरी गोखिवऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात, स्टोअरकीपरची. फोटोंचा मात्र भारी नाद. वसईच्या दमट हवेत माझ्या भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून तो मला तांदळाच्या डब्यात ठेवी. त्याची बायको ग्रेसी भात रांधायला डबा उघडायची आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची. मला त्या डब्यातल्या किड्यांचा संशय येई, पण बुरशी कधी आली नाही, हे कबूल करतो.

पुढे फर्डिनंडने एक लांबलचक झूम भिंग आणले. ते मला पहिल्या दिवसापासून खटकले. साध्या भिंगाने फोटो काढायचा तर माणसाजवळ जावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात, "काढू का?" असे विचारावे लागते. झूमवाला लांबूनच डल्ला मारतो. सुदैवाने ते जड भिंग फर्डिनंडच्या मानेला सोसले नाही, आणि कपाटात गेले.

म्हणूनच १९९४ साली अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आम्ही यमुनामावशी नावाच्या कोळणीच्या अगदी जवळ गेलो. ती बांबूंना बांधलेल्या दोरीवर बोंबील वाळत घालत होती. मला पाहताच तिने पदर तोंडावर ओढला.

"फोटू काढून इकशील कुठं. मना नाय पायजे."

मला ती बाई तिथेच आवडली. माझ्यासारखीच संशयी!

फर्डिनंड वाळूत उकिडवा बसला. खिशातली जुनी निगेटिव्हची पट्टी काढून त्याने तिला उन्हात धरून दाखवली. "मावशी, फोटो ह्या पट्टीतून निघतात. पट्टी नाही तर फोटो नाही. तुझी पट्टी माझ्याच घरी राहील. शब्द देतो."

तिने पट्टीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. पदर खाली आला. ती हसली आणि मी डोळा मिटून उघडला. मी काढलेल्या हजारो फोटोंत तो सगळ्यांत चांगला आहे. फर्डिनंडने पुढच्या रविवारी त्याची मोठी प्रत तिला नेऊन दिली, आणि तेव्हापासून ग्रेसी मासळी तिच्याचकडून घेऊ लागली. दहा वर्षे आम्ही त्या किनाऱ्यावर जात होतो. ती आम्हाला दुरूनच ओळखायची.

मग २००४ साली घरात तो चंदेरी डिजिटल आला. तळहाताएवढा. फोटो काढला की पाठीवर लगेच दाखवतो, नाही आवडला तर लगेच पुसतो. दाखवायची आणि पुसायची एवढी घाई कशाला? मला त्याचे लक्षण ठीक वाटले नाही. पण माझे कोण ऐकतो? मी डब्यात गेलो.

फर्डिनंडला तेवढ्यात आणखी एक नाद लागला. वसई स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो जुन्या पट्ट्या स्कॅन करू लागला. इंटरनेटवर एका साइटवर फोटो चढवायचे, तेही फुकट. फुकट का, हे त्याने विचारले नाही. तिथे एका बटणात आभाळ निळे होई, दुसऱ्या बटणात चेहरा उजळे. यमुनामावशीचा फोटो असा न्हाऊ घालून त्याने चढवला, आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसे वाहवा करू लागली. ज्यांनी बोंबील उभ्या जन्मात पाहिला नाही, त्यांची ही वाहवा! फर्डिनंड घरी येऊन ती ग्रेसीला सांगे.

"मावशीला विचारलंत का?" ग्रेसीने एकदा म्हटले.

"अगं, तिला इंटरनेट काय कळणार?"

त्या साइटवर एक चौकोन होता. त्यात खूण केली, तर कोणीही तो फोटो घेऊन वापरू शकत होते. जास्त लोकांनी पाहावा म्हणून फर्डिनंडने खूण केली.

दोन वर्षांनी ग्रेसी बाजारातून आली आणि तिने टेबलावर सुक्या बोंबलाचे एक पाकीट आपटले. पाकिटावर यमुनामावशी हसत होती. आतले बोंबील वाळूने भरलेले, कडू. जमिनीवर वाळवलेले असणार. मावशीची वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके तिच्या पाटीपुढे येऊन तिला बोलत होती, की बाई, तुझ्या मालात रेती कशी? मावशीने रेतीवर बोंबील कधी टाकला नव्हता. तोच तिचा मान होता, आणि तोच चालला होता. तिने निरोप धाडला होता, कॅमेरा नि पट्टी घेऊन फर्डीला पाठव.

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही गेलो. मावशीने आम्हाला बसायलासुद्धा सांगितले नाही.

"फर्डी, ही पट्टी कोनाला दिलीस?"

"कोणालाच नाही, मावशी. माझ्याच घरी होती."

हे खरे होते, आणि म्हणूनच मला त्याची भयंकर लाज वाटली.

"मंग त्यांनी फोटू कसा काढला?"

"स्टेशनजवळ दुकानात नेली होती एकदा…" एवढे बोलून तो थांबला.

"तिथं कोनीतरी चोरून छापली आसंल!" मावशीनेच वाक्य पुरे केले. फर्डिनंड नाही म्हणाला नाही. मी त्याच्या गळ्यात लटकत होतो. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

तिने पट्टी घेतली, उन्हात धरली, स्वतःला ओळखले. मग मासळी कापायच्या कोयतीने तिने तिचे बारीक तुकडे केले आणि ते पाण्यात टाकून आली.

"आता नाय निघनार ना?"

"नाही, मावशी."

तिचा चेहरा मोकळा झाला. तिने फर्डिनंडच्या गालावरून हात फिरवला. "माजं चुकलं रं पोरा. तुज्यावर सौंशय घेतला." आणि तिने कागदात बोंबील बांधून त्याच्या हातात दिले. त्याने घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने साइटवरची ती खूण काढली, फोटोही तिथून हटवला. पण ज्यांनी नेला त्यांनी नेला. पाकिटे अजून दुकानात आहेत. परवाच ग्रेसी जेवताना सांगत होती, की गिऱ्हाईक पाकीट दाखवते तेव्हा मावशी म्हणते, "जुनी संपतील, नवी नाय निघनार. आमच्या फर्डीनं पट्टी माज्या हातात दिली." फर्डिनंड मान खाली घालून जेवत राहिला.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, भिंग मऊ फडक्याने पुसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. संशयी माणूस ज्याच्यावर एकदा विश्वास ठेवतो, त्याच्यावर तो पुरता ठेवतो. तो विश्वास जपा. चूक झाली तर तोंडावर सांगा. आज सकाळी फर्डिनंडने मला बाहेर काढले, गळ्यात अडकवले, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. अरे फर्डिनंड, चल ना. सांडोरहून अर्नाळा असे कितीसे लांब आहे?