परतीच्या बाजूचा स्विच

मिलिंग मशीनचं हँडल फिरवणं बंद करा, असं खांद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि बायकोने त्याच दिवशी भावाला फोन लावला. मेहुण्याचा माझ्या मशीनवर दहा वर्षांपासून डोळा आहे.

"रविवारी टेम्पो घेऊन ये," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तोवर मशीनला आपोआप चालायला शिकवा. नाहीतर ते जाईल. उजवा खांदा तुम्हाला एकच आहे."

या मशीनचा कटर जागच्या जागी फिरतो आणि टेबल लोखंडाचा तुकडा घेऊन त्याच्याखालून सरकतं. टेबलाच्या दोन्ही टोकांना हँडल. एका फेऱ्याला टेबल पाच मिलिमीटर सरकतं. वीतभर तुकडा कापायचा तर पंचेचाळीस फेरे, आणि परत आणायला तेवढेच.

भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली. फिरते हळू, पण जोर रेड्याचा. डाव्या टोकाचं हँडल काढून तिथे सायकलचं दातेरी चाक बसवलं आणि साखळीने मोटरला जोडलं. उजव्या टोकाला एक छोटा स्विच लावला. टेबल तिथे टेकलं की मोटर बंद. शनिवारी संध्याकाळी सगळं तयार होतं.

रविवारी मेहुणा दोरखंड खांद्यावर टाकूनच आत आला. मी तुकडा बांधला, कटर सुरू केला, मोटरचं बटण उजवीकडे दाबलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. टेबल डावीकडून उजवीकडे मुंगीच्या चालीने गेलं आणि टोकाला 'टक्' करून थांबलं. कापलेल्या तुकड्यात तोंड बघावं.

"दाजी, हे जमलंय," मेहुणा पडेल आवाजात म्हणाला.

"कटर बंद करा. मला बघू द्या," बायको म्हणाली. ती डावखुरी. तिने बटण डावीकडे दाबलं. टेबल डावीकडे निघालं ते थांबेचना. टोकाला जाऊन धडकलं आणि साखळी उतरून खाली पडली.

मेहुण्याने दोरखंड सोडायला घेतला. "टेम्पो आत घेऊ का, ताई?"

"थांब रे." ती माझ्याकडे बघत होती. "तिकडे स्विच का नाही?"

"उभ्या आयुष्यात मी त्या बाजूने कापलेलंच नाही."

"मग टेबल परत कोण आणणार होतं?"

"हाताने आणलं असतं," मी बोलून गेलो आणि माझं मलाच कळलं. चाळीस वर्षांत मी परतीचे फेरे कामात धरलेच नव्हते.

"म्हणजे अर्धाच खांदा वाचवलात."

"दुसरा स्विच कप्प्यात आहे," मी म्हणालो. "दोन तासांचं काम."

"तासाभराचं. हा आलाय ना, भोकं तो पाडेल."

मेहुण्याने कपाळाला हात लावला, पण भोकं सरळ पाडली. जेवणाआधी टेबल गेलं, थांबलं, परत आलं, थांबलं. बायकोने दहा वेळा करून बघितलं. मग तिने उजव्या टोकाचं हँडल स्वतः पाना लावून काढलं, पुसलं आणि स्वयंपाकघरात डावांच्या शेजारी टांगलं.

"बारीक हलवायचं असलं तर मागा," ती म्हणाली. "किती फेरे ते आधी सांगायचं."

मेहुणा दोरखंड गुंडाळत होता.