गोदीसमोरचा रहाट

मी एक जुना रहाट आहे. विहिरीवरचा नव्हे, मित्रांनो. समुद्रातल्या बोटी वाळूवर ओढून घेणारा. तुतीच्या जाड खोडातून मला घडवलं, चार लांब दांडे खोचले आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर, मर्सा झरीफ नावाच्या चिमुकल्या बंदरात उभं केलं. बोटीचा दोर माझ्या पोटाला गुंडाळायचा आणि माणसांनी दांडे रेटत माझ्याभोवती फिरायचं, एवढंच काम. साठ वर्षं केलं. बोट कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. असेल त्यानं खांदा लावायचा.

आणखी एक मान मला होता. गावात कुणाला शब्द द्यायचा, तर माझ्या दांड्यावर तळहात ठेवून. सोयरीक असो, भांडण मिटवणं असो, कागद करतंय कोण? हात पडला की झालं.

मग मोठ्या गोदीचं खूळ आलं. राजधानीतून एक साहेब आले आणि वाळूवर सभा भरली. इथं मोठमोठी जहाजं दुरुस्तीला येतील, घरटी नोकरी मिळेल, असं त्यांनी सांगितलं. अर्धं गाव हरखलं. सगळ्यात जास्त हरखला खमैस, बोटींच्या फटी कापूस-डांबरानं बुजवणारा आमचा म्हातारा कारागीर. त्याचा एकुलता मुलगा निझार समुद्रापलीकडे सिसिलीत परक्यांचे टोमॅटो वेचत होता.

"माझा पोरगा घरी येईल. आणखी काय पाहिजे मला?" तो म्हणाला.

मबरूका उठली. नवऱ्यामागे एकटीनं बोट चालवणारी बाई, जीभ कोयत्यासारखी. "उंट दारात घेताय, घ्या बापडे! पण माझी शेळी कुठं बांधू, ते सांगा. गोदी होणार ह्याच वाळूवर. वादळात आमच्या बोटी काय चुलीवर ठेवायच्या?"

"ताई, गोदीच्या आत तुमच्यासाठी कोपरा राखू," साहेब म्हणाले.

"मग ठेवा हात."

साहेबांनी हसत माझ्या दांड्यावर तळहात ठेवला. त्यांना वाटलं, फोटो काढायचाय. गावाला वाटलं, शब्द मिळाला. कुणी चिठोरंसुद्धा लिहून घेतलं नाही. मूर्ख होते का ते? छे! साठ वर्षांत त्या दांड्यावर कुणी खोटं बोललं नव्हतं, एवढंच.

गोदी झाली. जहाजं आली, कामगारही बाहेरूनच आले. गावाच्या वाट्याला झाडू आणि पहारा. निझार परतला आणि गणवेश चढवून गोदीच्या तोंडाशी साखळी सांभाळू लागला. मला वाळूतून उपटलं, हिरवा रंग फासला आणि गोदीच्या कचेरीपुढच्या उतारावर उभं केलं. वर पाटी लावली, 'आमचा वारसा'. पाहुणे येऊन कौतुक करतात. जळलं मेलं ते कौतुक!

गेल्या हिवाळ्यात भर दुपारी वादळ उठलं. मबरूकाची बोट बाहेर धक्क्यावर आपटू लागली. गोदीच्या आतलं पाणी मात्र संथ होतं. खमैस साखळीपाशी धावला, मागोमाग मबरूका.

"निझार, साखळी सोड! बोट आत येऊ दे."

"बाबा, पंचवीस मीटरपेक्षा कमी लांबीचं काही आत घ्यायचं नाही. लेखी हुकूम आहे. नोकरी जाईल माझी."

"अरे, हिच्या मासळीवर वाढलास तू!"

निझारनं मान खाली घातली, पण साखळीला हात लावला नाही.

"त्याला कशाला बोलतोस, खमैस?" मबरूका म्हणाली. "पोरगा घरी हवा होता ना तुला? आला की!"

खमैस माझ्याकडे पळत आला, मागोमाग आठ-दहा जण. त्यांनी बोटीचा दोर ओढत आणला, माझ्या पोटाला गुंडाळला आणि दांड्यांना खांदे लावले. मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. पण कचेरीवाल्यांनी मला बुडापासून सिमेंटात रोवलं होतं. मी तसूभर हललो नाही. रेटता रेटता एक दांडा कडकन मोडला. खाली बोटीच्या फळ्या एकेक करून सुटत गेल्या, आणि मबरूका बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीनं मला नवा दांडा बसवला. त्यालाही हिरवा रंग दिला.

मित्रांनो, मोठ्या गोद्या बांधू नका, असं मी म्हणत नाही. बांधा. पण ज्यांच्या वाळूवर बांधाल, त्यांची बोट आधी आत घ्या. आणि जुन्या वस्तू जपायच्या, तर अशा जपू नका. मला रंग नको होता. मला फिरता ठेवायला हवं होतं.