आडवी राहिलेली पाटी

नदी एक, देश चार आणि त्यांच्या कराराचं कलम अकरावं. या एका कलमापायी तिचे केस पांढरे झाले. आपल्या देशाची प्रतिनिधी म्हणून बैठकांना यायला लागली तेव्हा लेक शाळेत जात होती. आता लेकीला लेक झाली, पण कलम काही जन्माला येईना.

कलम तसं साधंच होतं. उन्हाळ्यात नदी आटते, त्या महिन्यांत कापड रंगवणाऱ्या कारखान्यांनी सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडायचं नाही. जमत नसेल तर कारखाना बंद ठेवायचा.

मंजुरीची रीतही साधी. अध्यक्षबाई कलम वाचून थांबतात. ज्याला हरकत असेल त्यानं समोरची आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी करायची. कुणीच केली नाही तर मंजूर. एक जरी उभी राहिली तरी कलम पुढच्या वर्षावर. दरवर्षी कुणाची ना कुणाची उभी राहायचीच.

तिच्या खात्याकडून या खेपेला सूचना आली होती, ‘परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा.’ म्हणजे काही बिघडलं तर तुमच्या माथी.

सकाळी ती जपाला बसली असताना फोन वाजत राहिला. माळ पुरी करून तिनं उचलला. धाकटा भाऊ होता.

“ताई, आज आहे ना ते?”

“आहे.”

“पाटी उभी कर. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही मी. शुद्धीकरणाचं यंत्र परवडायचं नाही आपल्याला. बाबांनी उभा केलेला कारखाना माझ्या हातानं बंद करायला लावू नकोस.”

“वहिनी म्हणत होती, गेल्या उन्हाळ्यात तुमच्या नळाला निळं पाणी आलं.”

“तिचं काय घेऊन बसलीस! ती तुला काहीही सांगते.”

“खोटं आहे का?”

“मी बादल्या भरून आणतो ना लांबून,” तो म्हणाला.

चहाच्या वेळी कंसराव शेजारी येऊन बसले. नदीच्या वरच्या अंगाच्या देशाचे प्रतिनिधी. नको असलेला प्रत्येक शब्द ‘तूर्त कंसात टाका’ म्हणायचे, म्हणून हे नाव. त्यांनाही ते माहीत होतं.

“बाई, उभी करताय ना?”

“तुम्हाला कसली घाई?”

“आमच्या मंत्र्यांना कलम नकोय, आणि मोडल्याचं खापरही नकोय. दुसऱ्या कुणाची उभी राहिली की आपली करा, म्हणालेत. पहिली नको.”

“म्हणजे वाईट मी व्हायचं आणि तुम्ही माझ्या पदराआड.”

“रागावू नका हो. तुमच्या भावाचा कापड रंगवायचा कारखाना आहे, म्हणून तर आम्ही सगळे निर्धास्त आहोत.”

सगळे? तिनं पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. उरलेले दोघे प्रतिनिधी तिच्याकडे बघून आपुलकीनं हसले. गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकाची पाटी उभी राहिली, तेव्हा तीही अशीच निर्धास्त होती. घरी जाऊन भावाला म्हणाली होती, आपल्याला काही करावंच लागलं नाही बघ.

चहा कधीच गार झाला होता. तिनं तो तसाच संपवला.

सभागृहात अध्यक्षबाईंनी अकरावं कलम वाचलं, चष्मा काढला आणि थांबल्या. तिघांच्या नजरा तिच्यावर. कंसरावांचं बोट पाटीच्या कडेवर आलेलंच होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकात एक गुंतवले. डोळ्यांपुढे बाबांचे मनगटापर्यंत रंगलेले हात आले. मग वहिनीच्या घरी लांबून भरून आणलेल्या बादल्या आल्या. उभी कर, उभी कर, असं आतून कुणीतरी म्हणत होतं, आणि तो आवाज भावाचाच होता.

अध्यक्षबाई नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. त्याही तिच्याकडेच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “हरकत नाही... मंजूर.” आणि गोंधळून पुन्हा अकरावंच वाचायला लागल्या. सचिवानं पान उलटून दिलं. टाळी कुणी वाजवली नाही. तेवढं त्राण कुणात नव्हतं.

“मारलंत मला,” कंसराव पुटपुटले.

“मलाही,” ती म्हणाली.

बातमी भावापर्यंत दुसऱ्या कुणाकडून जायला नको, म्हणून तिनं बाहेर व्हरांड्यात येऊन त्याला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. मागे यंत्रांची घरघर होती.

“मंजूर झालं रे.”

“कुणीच नाही उभी केली?”

“नाही.”

“तूही?”

“मीही नाही.”



“शनिवारी येते,” ती म्हणाली. “कामगारांना आपण दोघं मिळून सांगू.”

“नको. माझं मी सांगेन.” मग खालच्या आवाजात, “तुझ्या वहिनीला भेटायला ये. मी घरी नसेन.”