खाणीतल्या दोघी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. इतका जुना, की मला घडवणाऱ्या बाईला तुमच्यासारखे बोलताही येत नव्हते. नदीकाठी बसून तिने एका गोट्याने माझे टवके उडवले, टोक काढले, कडांना धार आणली. मागची बाजू तेवढी गोल ठेवली, तिच्या डाव्या मुठीत बसेल अशी. माझ्या धारेने ती कातडी सोलायची, कंद उकरायची.

एकदा तिची थोरली बहीण दरडीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. त्यातच नदी आटली. टोळी पाण्याच्या शोधात निघाली. माझी मालकीण चार पावले गेली आणि माघारी वळली. मग एका कपारीत दोघी राहिल्या, कोरड्या पात्रात उकरून मिळेल तेवढ्या पाण्यावर. धाकटी माझ्या धारेने मांसाचे बारीक तुकडे करायची आणि थोरलीला भरवायची. थोरली 'हूं' करायची, धाकटीही 'हूं' करायची. एवढेच त्यांचे बोलणे.

पाय वाकडा का होईना, सांधला. थोरली भिंत धरून उभी राहिली, त्याच दिवशी कपार ढासळली. मातीखालून थोरलीचा आवाज बराच वेळ येत होता. धाकटीने उत्तर दिले नाही. मग तोही थांबला. लाखो वर्षे मी त्या दोघींच्या मध्ये पडून होतो.

एके दिवशी यंत्राने माती फाडली. खाणकामगाराने मला उचलले. "काय झकास दगड आहे!" तो म्हणाला.

"इथं हाडं दिसतायत," त्याचा सोबती म्हणाला.

"गुरांची असतील. गाडी भर, उशीर होतोय."

त्या दोघी खडी करायच्या यंत्रात गेल्या. कामगाराच्या खिशातून मी सगळे ऐकले.

पुढे त्याच्या घरी मी दाराला टेकण म्हणून पडून राहिलो. त्याची भाची शाळेत शिकवते. एकदा मला ठेचकाळली आणि उचलून बघतच राहिली.

"मामा, हा कुणीतरी घडवलाय! कुठं मिळाला?"

"खाणीत."

"शेजारी काही होतं?"

 मामा हळूच म्हणाला, "हाडं होती गं."

"हा घडवणाऱ्यांचीच असतील ती, मामा!" भाची म्हणाली. दोघे मला घेऊन खाणीवर गेले. तिथे पाणी साचलेला खड्डा होता. मामा काठावर उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं." ते भाचीला म्हणाला की आणखी कुणाला, मला कळले नाही.

भाचीने मला संग्रहालयात दिले. आता मी तिथे काचेखाली आहे. लोक माझ्या धारेचे कौतुक करतात. पाटीवर लिहिले आहे: 'एका खाणीतून. इतर माहिती नाही.' बहिणीसाठी मागे राहिलेल्या बाईबद्दल एक अक्षर नाही, आणि ते लिहायला मला हात नाहीत. रात्रंदिवस त्या दोघी मातीत एकमेकींना चाचपडताना मला दिसतात.

मित्रांनो, मातीत असे काही दिसले, तर लगेच उचलू नका. जागेवर राहू द्या, जाणत्या माणसाला बोलावून आणा. तोवर शेजारची माती कुणालाही उकरू देऊ नका. तिथे कुणीतरी असेल.