ना मीठ, ना पीठ

मित्रांनो, मला फळीवर पाहून, मिरे दळायची चक्की समजून, पाहुणे हमखास मिरपूड मागतात. मिऱ्यांशी माझा काडीचाही संबंध नाही. मी कॉफीच्या बिया दळणारा, हाताने फिरवायचा एक जुना ग्राइंडर आहे. अंग लोखंडी, डोक्यावर दांडा आणि पोटात दोन दातेरी चकत्या. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो भाऊ होते, पण खोक्यात भरताना कुणी आम्हाला एकमेकांचा निरोपही घेऊ दिला नाही.

मला घरी आणले ते पडदे शिवणाऱ्या काकूंनी. त्यांना आणि काकांना हॉटेलातली दाट एस्प्रेसो फार आवडायची, पण तसले यंत्र घेणे म्हणजे दारात हत्ती बांधणे. म्हणून काकूंनी जुन्या बाजारातून हाताने दाबायचे एक साधे यंत्र उचलले आणि उरलेली सगळी ऐपत माझ्यावर खर्च केली. काका चष्म्याच्या काचा घासून द्यायचे काम करत. ते म्हणाले, हा तर नाकापेक्षा मोती जड झाला. काकूंचे उत्तर तयार होते. यंत्र नुसते पाणी दाबते, खरी चव दळण्यात असते.

पूड जाड राहिली की पाणी भसकन निघून जायचे आणि कॉफी आंबट व्हायची. फार बारीक झाली की थेंब थेंब गळून कडू लागायची. मग काकू चकत्यांमधले अंतर कमी-जास्त करणारी माझी कडी जराशी फिरवायच्या, पूड चिमटीत चोळून पाहायच्या आणि म्हणायच्या, "ना मीठ, ना पीठ." म्हणजे मिठाहून बारीक आणि पिठाहून जाड. ते जमले की कपावर मधाच्या रंगाची साय यायची आणि काका कप पुन्हा पुढे करायचे. माझे ते सुखाचे दिवस होते.

पुढे काकू आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मग काका एकटेच मला फिरवू लागले. दळायचे, पण काकूंसारखे मला ब्रशने झाडायचे मात्र नाहीत. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या काचांवर धुळीचा कण टिकू दिला नाही, त्याने माझ्या दातांवर तेलकट पुडीची पुटे चढू दिली. कॉफी कडूजहर व्हायची. काका एक घोट घेऊन म्हणायचे, तिच्या हातची चव गेली. मी मनात म्हणायचो, काका, चव नाही हो, ब्रश गेला. पण माझे ऐकतो कोण?

एकदा त्यांची मुलगी राहायला आली. पहिल्याच घोटाला तिचे तोंड वाकडे झाले. बटण दाबायचे नवे यंत्र आणू आणि हे धूड भंगारात देऊ, असे तिने ठरवूनच टाकले. काकांनी मला उचलून छातीशी धरले.

"त्याला हात लावू नकोस. यात तिनं दळलेली पूड आहे अजून."

मित्रांनो, मला गलबलून आले. माझ्या पोटात काकूंची कणभरही पूड नव्हती. काका इतके दिवस जपत होते ती त्यांचीच शिळी पूड होती. हे मला ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आईनं हा माझ्यासमोर उघडून ब्रशनं झाडला होता. म्हणाली, मी नसताना यांना शिळ्या पुडीची कॉफी प्यायला लागू नये."

काका लहान मुलासारखे रडले. मुलीने त्यांना रडू दिले. मग दोघांनी मिळून मला उघडले, आणि वर्तमानपत्रावर काळ्या खपल्यांचा ढीग पडला.

मुलगी गेल्यानंतर काकांनी कॉफी केली. ती अगदी काकूंच्या हातची उतरली. काका मात्र आणखीच एकटे दिसले. इतके दिवस कडूपणाला निदान एक कारण होते, आता कॉफी गोड आणि घर तेवढेच रिकामे.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरलेत की झाडून ठेवा. पाणी लावू नका, आम्ही गंजतो. एवढे केलेत तर चवीचे आमच्याकडे लागले. पण कुणी एकटे कॉफी पीत बसलेले दिसले, तर घटकाभर त्यांच्यापाशी जाऊन बसा. ते काम वस्तूचे नाही. मी रोज काकांच्या हातात असतो, तरी माझ्याने ते झालेले नाही.