दाराबाहेरचा बाक

मी एक जुना, दोन माणसांपुरता बाक आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर कुणी खुशीने बसल्याचं मला आठवत नाही.

टास्मानियातल्या सफरचंदांच्या खोऱ्यात डेस्मंड पॅस्को नावाचे वकील होते. त्यांनी गावच्या सुताराकडून मला करवून घेतलं आणि आपल्या खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. कुणी मृत्युपत्र करायला आलं की बरोबरच्या नवऱ्याला, मुलाला, सुनेला ते माझ्यावर बसवत. ज्याचं काम त्यानेच आत यायचं, एवढं सांगून दार लावून घेत. माणसं चुळबुळत, मनातल्या मनात वकिलांना शिव्या देत. मला मात्र अभिमान वाटायचा.

डेस्मंड वारले, कचेरी बंद झाली. बाळ लहान म्हणून त्यांची मुलगी व्हेरिटी घरूनच, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून वकिली करू लागली. मी तिच्या खुर्चीमागे, अंगावर बाळाच्या कपड्यांचा ढीग घेऊन. आपल्याला कुणी विसरलंय, हे कपड्यांखाली जास्तच कळतं.

व्हेरिटी जिवाला फार लावून घेणारी. एक चूक झाली तर सनद जाईल, ही धास्ती. नियमांची यादी तिने भिंतीवर डकवली होती: ओळखपत्र पाहिलं, संमती घेतली, कागद कुलपात ठेवले. पण बरोबर कोण आलंय, हे यादीत नव्हतं. कचेरीत ते कधी विचारावंच लागलं नव्हतं. तिथे मी होतो.

एकदा ऑरियल थॉर्नबाई पडद्यावर आल्या. वय ब्याऐंशी. राहतं घर आणि बाग मुलाच्या, गार्थच्या नावे करायची होती. कागद तयार होता. व्हेरिटीच्या प्रत्येक प्रश्नाला बाई आधी कडेला बघत, मग हो म्हणत. व्हेरिटी यादीवर खुणा करत गेली. बाईंनी सहीसाठी पेन उचललं आणि त्या थबकल्या.

"व्हेरिटी, तुझ्यामागे कपड्यांखाली तोच बाक आहे ना गं? तुझ्या बाबांनी आमच्या ह्यांना, बर्नीला, तासभर ताटकळत ठेवलं होतं त्याच्यावर."

व्हेरिटीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"गार्थ, तू तिथेच आहेस ना?"

"कॉम्प्युटर लावून द्यायला बसलोय," कडेहून आवाज आला. "आईला बटणं कळतात का?"

"लागलाय की तो. आता बाहेर जाऊन बस."

"पाऊस आहे बाहेर."

"व्हरांड्याला छप्पर आहे, गार्थ," ऑरियलबाई म्हणाल्या.

गार्थ बाहेर गेल्यावर व्हेरिटीने त्यांना पडदा फिरवून सगळी खोली दाखवायला लावली, लावलेलं दारसुद्धा. मग बाई बोलल्या. काय बोलल्या, ते मी सांगणार नाही. इतकी वर्षं दाराशी काढली ती काही उगीच नाही. त्या दिवशी सही झाली नाही, एवढंच.

व्हेरिटीने कपडे उचलले, मला पुसलं आणि ओढत आपल्या खोलीच्या दाराबाहेर आणलं. हल्ली तिचं काम चालू असलं की नवरा ओवेन बाळाला घेऊन माझ्यावर बसतो आणि कुरकुरतो, स्वतःच्याच घरात मला बाहेर बसवलंय म्हणून.

मित्रांनो, कुणाच्या मनातलं ऐकायचं असेल तर बाकीच्यांसाठी बाहेर एक जागा ठेवा. आणि बाहेर बसायची पाळी तुमच्यावर आली, तर चुळबुळू नका. आत कुणीतरी पहिल्यांदाच मोकळेपणी बोलत असेल.