अडाणी नावाची अक्षरं

भाचीने आपल्या फॉन्टचं नाव ठेवलं 'अडाणी', आणि स्वतःच्याच कल्पकतेवर ती जाम खूश झाली. शिकलेल्या माणसाला कधी काय सुचेल, नेम नाही!

अक्षरं मात्र तिची नव्हतीच. तिच्या आत्याने बावन्नाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हिच्याकडूनच शिकत गिरवलेल्या पहिल्या वहीतली होती. पोट सुटलेला 'क', पाय घसरलेला 'र', जिना चढत गेलेली शिरोरेघ. भाचीने ती स्कॅन करून साफ केली, पण बेतानेच. ओबडधोबडपणाच तर विकायचा होता! आणि विकला गेला की. पावाच्या पिशव्यांवर, साबणाच्या खोक्यांवर, महागड्या हॉटेलांच्या पाट्यांवर. आत्याला विचारायचं राहूनच गेलं. राहून कसलं, टाळलंच.

एके दिवशी भाची चष्मा घरी विसरली, म्हणून आत्या तो घेऊन ऑफिसात आली. समोर भिंतभर फॉन्टचा तक्ता.

"अगं, ही तर माझी अक्षरं!" आत्या हरखलीच. "हा बघ माझा क. मेला ढेरपोट्या!"

सगळं ऑफिस हसलं. भाचीही हसली, पण तिची नजर तक्त्याच्या माथ्याकडे गेली. दिसेल ते वाचत सुटायची आत्याला खोडच होती, आणि ती लावली होती हिनेच.

"अ... डा... णी," तक्त्याच्या माथ्यावरचं आत्याने मोठ्याने वाचलं. शाबासकीसाठी वळली, आणि मग तिला शब्द कळला.

"आत्या, ते... हल्ली तशी फॅशन आहे गं."

"हो का? छान आहे." चष्मा टेबलावर ठेवून आत्या निघून गेली.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच नाव बदलायला बसली; पण फॉन्ट शेकडो लोकांकडे गेलेला, कुठेकुठे पुसणार? संध्याकाळी आत्याचे पायच धरायचे असं ठरवून ती घरी पोचली, तर दारात कुरिअरवाला उभा.

"इथे सही करा, काकू."

आत्याने पेन हातात घेतलं. त्याच्या मागे उभ्या भाचीकडे एकदा पाहिलं, आणि पेन त्याला परत दिलं.

"शाई आहे का रे तुझ्याकडे?" ती म्हणाली. "अंगठा देते."